हाइमोचीचा मान

१२ ऑक्टोबर

हाइमोची वाचवायची समिती स्थापन झाली! मिझुकुरा गावात माणसं उरली आहेत त्रेचाळीस, समितीत सतरा. म्हणजे समितीबाहेर राहायचं तर आता अंथरूण तरी धरावं लागेल.

अध्यक्ष अर्थातच हिराइवासाहेब. लाकडाची वखार बंद करून अकरा वर्षं झाली, पण खुर्ची दिसली की यांचे गुडघे आपोआप वाकतात. मी उपाध्यक्ष. नगर कार्यालयाच्या पर्यटन विभागातून सेंडा आला होता — गळ्यात ओळखपत्र, काखेत लॅपटॉप. त्याने पडद्यावर दाखवलं की हाइमोची, डोंगरदेवीच्या प्रसादाची आमची मिठाई, हा लोप पावत चाललेला ठेवा आहे. हे आम्हाला कळावं म्हणून पडदा आणावा लागला. गावात हाइमोची करणारी एकच बाई उरली आहे, हात्सुएकाकू, वय एकोणनव्वद. त्यांचे गुडघे गेलेत. १७ डिसेंबरला त्या मुलीकडे नागोयाला कायमच्या निघाल्या. सामानाचा टेम्पो ठरलासुद्धा.

म्हणजे ९ डिसेंबरचा डोंगरदेवीचा दिवस हा शेवटचा. तोवर कुणी शिकलं तर शिकलं. नाहीतर हाइमोची फक्त सेंडाच्या लॅपटॉपमध्ये.

मी पस्तीस मिनिटं बोलले. पदार्थ मरतो तेव्हा आधी त्याचा शब्द मरतो, शब्द मेला की त्यामागचे हात विसरले जातात, वगैरे. चांगलं झालं भाषण. म्हातारे उभे राहून टाळ्या वाजवत होते. दोघांना धरून परत बसवावं लागलं.

१५ ऑक्टोबर

हात्सुएकाकूंकडे गेले. अंगणात चटयांवर तोचीच्या बिया वाळत पडलेल्या, आणि त्या कमरेत वाकून एकेक उलटी करत होत्या. आमच्या ठेव्याचं हे मूळ: डोंगरातल्या झाडाखाली पडणारी बी, जी माकडंसुद्धा हुंगून टाकून देतात. इतकी कडू! ती वाळवायची, भिजवायची, सोलायची, पोत्यात भरून दहा दिवस ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची, सकाळ-संध्याकाळ पाण्यात हात घालून उलथी-पालथी करायची, मग राखेच्या पाण्यात मुरवायची. कडूपणा गेला की चिकट तांदळाबरोबर वाफवून कुटायची. आत लाल घेवड्याचं गोड पुरण. एवढ्या उपद्व्यापानंतर हाती येतो तो करड्या रंगाचा एक गोळा. त्याला पावसात भिजलेल्या छपराचा वास येतो. आणि एकदा खाल्ला की दुसऱ्या कुठल्याही मिठाईत जीव रमत नाही. हे मी भाषणासाठी लिहीत नाहीये. खरं आहे.

विचारलं, शिकवाल ना? त्यांनी मान वर न करता एक किडकी बी बाजूला टाकली.

"जो हात घालेल त्याला दाखवीन."

एवढंच. मला चहा मिळाला, लोणच्याचा मुळा मिळाला, दुसरं वाक्य मिळालं नाही. त्यांच्या एका वाक्यावर माझी पस्तीस मिनिटं कुर्बान.

२४ ऑक्टोबर

बोधचिन्ह आलं. नाव लाडाचं, हाइमोची-चान. डोळे बशीएवढे, अंगावर ॲप्रन, बाकी देह सिमेंटच्या पोत्याचा. खाली ब्रीदवाक्य: 'आजीच्या मायेची चव'.

मी सेंडाला विचारलं, कुठल्या आजीची माया? तो गोंधळला. म्हणाला, टोकियोच्या सल्लागारांनी अभ्यास करून सुचवलंय, बाई. लोकांना आजी आवडते.

लोकांना आजी आवडते. तिचे हात कुणी बघितले नसावेत.

३ नोव्हेंबर

आज मुद्दा निघाला: पाण्यात हात कोण घालणार? सतरा जणांनी सतरा दिशांना पाहिलं. मग हिराइवासाहेब मोठ्या औदार्याने म्हणाले, महिला मंडळाला विनंती करू या.

मी उठलेच.

म्हटलं, जुनी गोष्ट सांगते. इथल्या निम्म्यांना आठवेल, निम्म्यांना आठवायची नसेल. नऊ घरं होती. दर वर्षी एका घराला हाइमोचीचा मान. मान म्हणजे काय? त्या घरातल्या सुनांनी नोव्हेंबरभर ओढ्यात उभं राहायचं, आणि ९ तारखेला पुरुषांनी स्वच्छ कपडे घालून बारा गोळे डोंगरावर न्यायचे. देवी बाई आहे, तिला दुसऱ्या बायका चालत नाहीत म्हणून बायकांनी खालीच थांबायचं. प्रसाद आधी पुरुषांना. फुटके-तुटके गोळे उरतील ते सुनांना. जानेवारी १९७९, याच सभागृहात, मी पंचवीस वर्षांची शाळामास्तरीण, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. मी ठणकावून सांगितलं होतं — पुरुषांनी पाण्यात हात घालावा, नाहीतर हाइमोची बंद करावी.

पुरुषांनी विचार करायला किती वेळ घेतला? चहा निवायच्या आत ठराव झाला. बंद!

एकमताने. हिराइवासाहेब तेव्हा अनुमोदक होते.

आज मी तोच पर्याय पुन्हा ठेवला. फरक एवढाच की आज सेंडाच्या ओळखीचे टीव्हीवाले मागच्या बाकावर कॅमेरा घेऊन बसले होते. कॅमेऱ्यासमोर 'बंद' म्हणवेना. हिराइवासाहेबांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि म्हणाले, "मी घालतो."

त्यांच्या मागून चार जण, वयाच्या क्रमाने. चव्वेचाळीस वर्षं लागली, पण माझं भाषण पूर्ण झालं!

हात्सुएकाकू कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी पाचही जणांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग चपला शोधायला लागल्या.

४ नोव्हेंबर

समितीने मला 'देखरेख प्रमुख' केलं. योग्य माणसाला योग्य काम.

२२ नोव्हेंबर

बियांची पोती ओढ्यात उतरली. रात्री हिमाचा पातळ थर पडलेला. काठावर पाच आजोबा रबरी बुटांत उभे — सगळ्यांत लहान सदुसष्ट वर्षांचा. हातमोजे चालतील का, हिराइवासाहेबांनी विचारलं. हात्सुएकाकू म्हणाल्या, पोत्यातल्या बिया सुटतायत की चिकटतायत हे बोटांनाच कळतं, मोज्याला कळत नाही.

पहिल्यांदा हात घातला तेव्हा वखारवाल्या हिराइवांच्या तोंडून निघालेला आवाज मी इथे लिहीत नाही. शाळेत शिकवलेले संस्कार आड येतात.

मी काठावरून सूचना देत होते. लोकरीचे मोजे, मफलर, थर्मासमध्ये चहा. या पाण्याचा इतिहास, त्यामागचं समाजशास्त्र, जगात ठिकठिकाणी बायकांच्या श्रमाला दिली गेलेली गोंडस नावं — सगळं सांगितलं. कामाचा कंटाळा येऊ नये म्हणून. एकाने कान टोपीत घातले. थंडीमुळे असावं.

२६ नोव्हेंबर

हिराइवासाहेबांच्या आठ बोटांना चिकटपट्ट्या. "चॉपस्टिक धरवत नाहीत, चमच्याने जेवतो," म्हणाले. मी म्हटलं, वा!

नंतर वाटलं, 'वा' म्हणायला नको होतं. पण म्हणून झालं.

३ डिसेंबर

बिया राखेत घातल्या. ओकच्या लाकडाची राख, चाळलेली, वर गरम पाणी. किती दिवस ठेवायच्या, सेंडाने वही उघडून विचारलं. हात्सुएकाकू म्हणाल्या, ते जिभेला विचारायचं. सेंडाने लिहिलं: जीभ. मग खोडलं. त्याच्या तक्त्यात जिभेसाठी रकाना नाही.

५ डिसेंबर

आज चाखणी. हात्सुएकाकूंनी एक बी धुऊन पाच तुकडे केले आणि ताटली पुढे केली. सांगितलं, जिभेवर मुंग्या आल्या तर अजून झाली नाही. त्यांनी स्वतः खाल्ली नाही. हात ज्याचे, निकाल त्याच्या जिभेचा, अशी रीत आहे म्हणाल्या.

हिराइवासाहेबांनी तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. मग म्हणाले, "झाली."

दुसरा म्हणाला, झाली. तिसरा म्हणाला, अगदी झाली. चौथा म्हणाला, अध्यक्षांनी अचूक ओळखलं. पाचव्याने खोकून मान डोलावली. सेंडाने ताटलीला चिकटलेला कण उचलून खाल्ला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो म्हणाला, खोल चव आहे. वहीत लिहिलं: राखेत दोन दिवस.

हात्सुएकाकूंनी अजून एक तुकडा कापून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, काकू, माझे दात हल्ली... शिवाय अध्यक्ष म्हणालेच आहेत.

त्यांनी तुकडा पाण्यात टाकून दिला.

८ डिसेंबर

उखळीत कुटणं झालं. एकाची कंबर धरली. बाकी उत्तम.

९ डिसेंबर

काय लिहू!

मांडव, झेंडे, टीव्ही, गव्हर्नरांचा प्रतिनिधी, सिमेंटच्या पोत्याच्या वेषात घामाघूम झालेला कुणीतरी. बारा गोळे डोंगरावर गेले. बाकीचे छोट्याशा सजावटीसह बांबूच्या पानांवर आमच्यापुढे. माझं भाषण प्रसादानंतर होतं. मी पहिला घास घेतला.

कडू म्हणायला कडूलाही लाज वाटावी. आधी जिभेचं टोक गेलं, मग कडा, मग टाळू. पुरणाची गोडी त्या कडूत कुठे बुडाली, पत्ता नाही. आणि मला वीस मिनिटं बोलायचं होतं — त्याच जिभेने!

आजूबाजूला पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. पहिल्या रांगेतून गव्हर्नरांच्या प्रतिनिधीचा आवाज आला, प्रौढ चव आहे. दुसऱ्या रांगेतून, डोंगराची चव आहे. तिसऱ्या रांगेतली एक बाई डोळे टिपत म्हणाली, बालपण आठवलं. तिचं बालपण फार वाईट गेलं असावं. आणि मग सगळीकडे तीच हालचाल: पिशवीतून कागद निघाला, उरलेला गोळा नीट गुंडाळला गेला, घरी घेऊन जाते हं, घरच्यांना दाखवते. पानावर काही टाकायचं नाही, असे आम्ही सभ्य! दोनशे पाहुणे, दोनशे पुड्या. मला वाटतं आज रात्री घाटापलीकडच्या प्रत्येक कचरापेटीत आमचा ठेवा असेल.

मी माईकपाशी गेले. सांगणार होते. शपथेवर लिहिते, सांगणारच होते. इतक्यात शेजारी हिराइवासाहेब ताट धरून उभे राहिले. बोटांवरच्या पट्ट्यांतून रक्त आलेलं, आणि चेहरा असा, की पहिल्यांदा पोहायला शिकलेल्या पोराने काठाकडे पाहावं. शहात्तर वर्षांचा माणूस. मी म्हटलं — "ही आपल्या पूर्वजांची चव आहे."

जड जिभेने शब्द अडखळत निघाले. लोकांना वाटलं माझा गळा दाटलाय. टाळ्या थांबेनात.

हात्सुएकाकूंनीही आपली पुडी बांधली. ओव्हरकोटाच्या खिशात टाकली आणि उठून गेल्या.

१० डिसेंबर

वर्तमानपत्रात माझा फोटो. मथळा: 'पूर्वजांची चव परतली'. तोंड अजून बधिर.

१२ डिसेंबर

कृतीची अधिकृत नोंदणी करायची बैठक. सेंडाने छापील कागद वाटले. कलम सहा: राखेत दोन दिवस. खाली सही-शिक्क्याची जागा. एकदा शिक्का बसला की पुढची शंभर वर्षं पोरं हेच करणार, हेच खाणार, आणि गुंडाळून घरी नेणार.

सही करायला हिराइवासाहेबांनी शिक्का काढला. मी उठले. आयुष्यातलं सगळ्यांत लहान भाषण केलं. "कडू होता. तोंडात धरवत नव्हता. मी माईकवर खोटं बोलले."

हिराइवासाहेबांनी शिक्का परत डबीत ठेवला. मग म्हणाले, "मला चाखणीच्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी झाली म्हटलं. वाटलं, खरंच झाली नसेल तर मागचा कोणीतरी सांगेल."

मागचे चौघे टेबलाकडे बघायला लागले. त्यातला एक पुटपुटला, अध्यक्ष झाली म्हणाल्यावर आम्ही नाही कसं म्हणायचं. मग हिराइवासाहेब माझ्याकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाई, तुमच्यापुढेही तुकडा धरला होता ना?"

मी कलम सहा पुन्हा वाचायला घेतलं.

नोंदणी पुढे ढकलली. 'कडूपणा तपासणी उपसमिती' नेमली, सदस्य सात. खरे किती दिवस लागतात हे ज्या एका बाईला ठाऊक आहे ती पाच दिवसांनी गाव सोडते आहे, हे एकाही ठरावात आलं नाही.

१६ डिसेंबर

सकाळी हात्सुएकाकूंकडे गेले. घरात खोकी बांधलेली. सोललेल्या बियांचं अर्धं पोतं पडवीत तसंच. मी दारातच गुडघे टेकून बसले आणि म्हटलं, पंधरा दिवस थांबा. एकदाच. पुरुष पुन्हा तयार आहेत — खरंच आहेत, हिराइवासाहेबांनी काल रात्री निरोप पाठवला. आत्ता सगळं अर्ध्यावर सुटलं तर संपलंच.

त्यांनी चहा ओतला. म्हणाल्या, मुलगी दहा वर्षांपासून बोलावतेय. मीच जात नव्हते.

मी म्हटलं, माहितेय, परंपरेवरच्या निष्ठेपायी. सेंडाच्या पत्रकात तसं छापलंय.

त्या हसल्या. दात नसलेलं, मनापासून हसू.

"कसली निष्ठा, बाई. माझ्यावरचा मान उतरलाच नाही."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, आणि मिझुकुरात सेहेचाळीस वर्षं काढून हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. बियांची टोपली एका घराने दुसऱ्या घरी पोचवायची नसते. पुढच्या घरच्या बाईने यायचं आणि मागायची. मागितल्याशिवाय देता येत नाही, आणि दिल्याशिवाय ठेवता येत नाही. टोपली ज्या घरात, मान त्या घरात. १९७८ साली मान त्यांच्या घराचा होता. पुढे कुणी मागायला आलंच नाही.

म्हटलं, पण ठराव झाला होता ना, सगळं बंद!

"ठराव पुरुषांचा. टोपली बायकांची."

म्हणून दर वर्षी थोड्या बिया, थोडे गोळे. एकटीने. चव्वेचाळीस हिवाळे. मान अडकून पडलाय हे कुणाला बोलल्या नाहीत, कारण बोलणं म्हणजे पुढच्या घराला आठवण करून देणं, आणि आठवण करून देणं म्हणजे मागणं. ते बरं दिसत नाही. आता पाय साथ देत नाहीत, म्हणून टोपली रिकामी करून निघाल्या.

मी विचारलं, १९७९च्या माझ्या त्या भाषणाचा राग आला होता का?

"छे, छान बोललात. आम्ही बायका मागे उभ्या राहून ऐकत होतो. घरी जाताना पोट धरधरून हसलो."

"का?"

"तुम्ही म्हणालात, पाणी सुरीसारखं लागतं."

मग कसं लागतं, मी विचारलं. त्या कप विसळायला उठल्या.

पुढचं घर कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१७ डिसेंबर

पुढचं घर आमचं. पुढचा मान आमच्याकडे येणार, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. सासूबाई आदल्या शरदात गेल्या होत्या, घरात बाईचे हात उरले होते फक्त माझे. भाषण मी जानेवारीत केलं. हे कुठल्याही वहीत आजवर लिहिलेलं नाही.

टेम्पो यायच्या आधी गेले आणि टोपली मागितली. हात्सुएकाकूंनी पडवीतल्या बिया भरून ती दोन्ही हातांनी दिली, कमरेत वाकून, जणू मी कालच यायची होते. म्हणाल्या, थंडी फार असेल तर राखेत चार दिवस, पण जिभेला विचारा. मग टेम्पोत बसल्या, आणि मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी बियांचं पोतं ओढ्यात उतरवलं आणि मोजे काढून हात घातले.

सुरीसारखं अजिबात नाही. आधी काही लागतच नाही. मग हात दुसऱ्या कुणाचे तरी वाटायला लागतात.